ऐतिहासिक कादंबऱ्या कानांनी वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक कादंबऱ्यांची ऑडिओबुक्स ऐकणारे, ऐकायला सुरुवात करू पाहणारे आणि दहाव्या प्रकरणात अडकून बसलेले असे अनेक मुंबईकर मला प्रश्न पाठवत असतात. दादर असो, डोंबिवली असो की बोरिवली, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑडिओबुक, अभिवाचन, श्रुतिका आणि सारांश यांत फरक काय? मी नेमकं काय शोधू?

ऑडिओबुकमध्ये छापील पुस्तकातला शब्दन् शब्द वाचलेला असतो, बहुतेक वेळा एकाच निवेदकाने. अभिवाचनात निवडक उतारे असतात आणि दोन-चार जण मिळून ते वाचतात. श्रुतिका म्हणजे रूपांतर. आकाशवाणीमुळे हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे: वर्णन कमी, संवाद जास्त, मागे टापांचे आवाज आणि तुतारी. सारांशात फक्त कथानक उरतं.

यातला कुठलाच प्रकार वाईट नाही. मात्र कादंबरी अनुभवायची असेल तर 'संपूर्ण' असं स्पष्ट लिहिलेलं ऑडिओबुकच घ्या. खात्री करायची सोपी खूण म्हणजे कालावधी. पाचशे पानांची कादंबरी तीन तासांत आटोपत असेल, तर ती संपूर्ण असूच शकत नाही (हिशेब प्रश्न ९ मध्ये).

२. ऐकलं म्हणजे वाचलं असं म्हणता येईल का? घरचे म्हणतात, ही पळवाट आहे.

येईल, आणि संकोच न बाळगता. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही आपल्या घरांतली पोथीवाचनाची रीत आहे. कीर्तनाच्या उत्तररंगातलं आख्यान आणि शाहिराचा पोवाडा, दोन्हींतून इतिहास कानावाटेच आत गेला. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते ती रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ सालची. तेव्हापासून हा लेखनप्रकार संवाद, खलिते, दरबारातली सवालजबाबं यांवर उभा आहे. अशी वाक्यं डोळ्यांनी वाचताना आपण भराभर पुढे जातो. ऐकताना त्यांची लय पूर्ण मिळते. सरदाराचं बोलणं वेगळं, कारकुनाचं वेगळं, वाड्यातल्या वडीलधाऱ्या बाईंचं वेगळं, हे मला छापील पानापेक्षा कानानेच जास्त नीट कळलं आहे.

हातून काही गोष्टी सुटतात, हेही सांगायला हवं. पान उलटून मागे जाता येत नाही, वंशावळ आणि नकाशे समोर नसतात आणि लेखकाची प्रस्तावना कधी कधी ध्वनिमुद्रितच केलेली नसते. म्हणून माझा आग्रह असतो की कादंबरी ऐकाच, पण हाताशी एक कागद ठेवा. त्या कागदावर काय लिहायचं ते प्रश्न ७ आणि ११ मध्ये आहे.

३. पहिल्यांदाच ऐकणार आहे. कुठल्या कादंबरीपासून सुरुवात करू?

एकच मुख्य व्यक्ती, थोड्या वर्षांचा काळ आणि मोजकी ठिकाणं असलेली कादंबरी घ्या. थोरले माधवराव पेशवे यांच्यावरची रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) मी अनेकांना याच कारणासाठी सुचवते. माधवराव १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. अवघ्या अकरा वर्षांचा काळ, त्यामुळे धागा सुटत नाही. या कादंबरीला १९६४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

संपूर्ण शिवचरित्र किंवा पानिपतची मोहीम दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा. तिथे माणसं शेकड्यांनी येतात, छावण्या रोज हलतात आणि सवय नसलेला कान दमतो. अर्धवट सोडून 'ऑडिओबुक आपल्याला जमत नाही' असं ठरवणारे बहुतेक जण थेट चाळीस तासांच्या कादंबरीला भिडलेले असतात.

४. मराठी ऐतिहासिक ऑडिओबुक्स मिळतात कुठे? पैसे भरावेच लागतात का?

स्टोरीटेल ही स्वीडिश सेवा २०१७ मध्ये भारतात आली आणि तिने सुरुवातीपासूनच मराठीकडे लक्ष दिलं. ऑडिबलवरही मराठी पुस्तकं मिळतात. शुल्क आणि योजना सतत बदलतात, म्हणून आकडे देत नाही. बहुतेक ठिकाणी पहिले काही दिवस मोफत ऐकता येतं. त्या दिवसांत प्रश्न ६ मधली निवेदकाची परीक्षा घेऊन टाका.

सदस्यत्व आणि खरेदी यांतला फरक मात्र लक्षात ठेवा. मासिक सदस्यत्वात तुम्ही ऐकण्याचा हक्क घेता. ते संपलं की फोनमध्ये उतरवून ठेवलेली कादंबरीही उघडत नाही. स्वतंत्र विकत घेतलेलं पुस्तक तुमच्या खात्यात राहतं. पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटणारी कादंबरी विकत घेणं म्हणूनच परवडतं.

५. यूट्यूबवर कुणीतरी पूर्ण कादंबरी वाचून टाकली आहे. ऐकायला हरकत आहे का?

लेखक कोण आहे, यावर ते अवलंबून आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या आज सर्वांच्या आहेत. त्या कुणीही वाचून, ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करू शकतं. रणजित देसाई १९९२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५२ अखेरपर्यंत आहे. वारसांच्या किंवा प्रकाशकाच्या परवानगीविना वाचून टाकलेली त्यांची कादंबरी ही बेकायदा प्रतच.

इथे एक बारकावा लोकांच्या नजरेतून सुटतो. कादंबरी मुक्त झाली तरी तिचं ध्वनिमुद्रण मुक्त होत नाही. ज्याने आपट्यांची कादंबरी गेल्या वर्षी ध्वनिमुद्रित केली, त्याचा त्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असतो, प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा. ते उतरवून स्वतःच्या वाहिनीवर चढवता येणार नाही.

मराठी ऑडिओबुकचा बाजार लहान आहे. वीस तासांची कादंबरी ध्वनिमुद्रित करायला स्टुडिओत त्याच्या कित्येक पट वेळ जातो. चोरीची प्रत ऐकून आपण पुढच्या कादंबरीचं ध्वनिमुद्रणच अडवतो, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

६. निवेदक चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं?

नमुना म्हणून मिळणारी पाच-दहा मिनिटं नीट लावून ऐका. आवाज भारदस्त आहे का, हे मी सगळ्यात शेवटी बघते.

आधी उच्चार. चिमाजीतला 'च' आणि चौकीतला 'च' वेगळे आहेत. जिंजीतला 'ज' आणि जरीपटक्यातला 'ज' वेगळे आहेत. लिपीत ते सारखेच दिसतात, म्हणून मराठी वाचनाची सवय नसलेला निवेदक तिथे हमखास अडखळतो. एकदा 'झुंज' चुकीचं ऐकलं की पुढच्या लढाईत मन लागत नाही.

मग पत्रं. ऐतिहासिक कादंबरीत पत्र आलं की निवेदकाची खरी कसोटी लागते. 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' हा मायना एका ओघात जायला हवा, आणि 'बहुत काय लिहिणे, हे विनंती' इथे आवाज खाली यायला हवा. मायन्यातच धाप लागली, तर त्या माणसाने जुनी पत्रं कधी मोठ्याने वाचलेली नाहीत, असं समजा.

तिसरी गोष्ट संयम. दरबारातला प्रत्येक संवाद गर्जना करून म्हटला, तर पंधराव्या तासाला कान विटतात. माझ्या अनुभवात शांतपणे वाचणारे निवेदक लांब पल्ल्याला टिकतात. लढाईच्या वर्णनात वेग हवा, पण ओरडा नको. शेवटी स्त्री-पात्रं. पुरुष निवेदकाने बारीक आवाज काढून राणीचं बोलणं म्हटलं, की त्या व्यक्तिरेखेचं वजन जातं. त्याच आवाजात, फक्त बोलण्याची चाल बदलून काम करणारे निवेदक शोधा.

कादंबरी आवडीची आणि निवेदक नावडता असेल, तर छापील प्रत घ्या. नावडत्या आवाजाशी वीस तास झगडण्यात काहीच मिळत नाही.

७. नावांचा फार गोंधळ होतो. नाना नेमका कोणता, भाऊ कोण, दादासाहेब कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पानावर नाव दिसतं, पूर्वी कुठे वाचलं ते आठवतं. कानावर फक्त 'नाना' पडतं आणि निघून जातं. त्यातून एकाच माणसाला तीन-तीन नावं.

पेशवाईपुरती ही ओळख करून घ्या. नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, थोरल्या बाजीरावांचे पुत्र, पानिपतच्या वेळचे पेशवे. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. पानिपतच्या मोहिमेत ते तरुण होते, त्यांचा खरा काळ नंतरचा. भाऊ किंवा भाऊसाहेब म्हणजे सदाशिवराव, चिमाजी अप्पांचे पुत्र. राघोबा, रघुनाथराव आणि दादासाहेब ही एकाच माणसाची नावं. माधवराव दोन: थोरले, आणि नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेले सवाई. बाजीरावही दोन, आणि दोघांत सुमारे पाऊण शतकाचं अंतर.

कागदावर पहिल्या तासातच हे मांडा: नाव, हाक मारायचं नाव, कुणाचा कोण, कुणाच्या बाजूचा. माणूस बाजू बदलतो तेव्हा बाण काढा. राघोबादादांच्या नावापुढे बरेच बाण येतील. दहा-बारा नावांचा कागद पुरतो. प्रत्येक हुजऱ्याचं नाव लिहायला गेलात, तर ऐकणं राहून जाईल.

८. जुने शब्द कळत नाहीत. दर वेळी थांबून शोधू का?

नको. संदर्भाने कळेल तेवढं कळू द्या. तोच शब्द तिसऱ्यांदा अडला, तर मात्र शोधा. काही जोड्या आधीच माहीत असल्या की पुष्कळ सोपं जातं. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला तो सरकारातून मिळतो. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी दहावा. फडणीस हिशेब बघतो, चिटणीस पत्रव्यवहार. लढाईच्या वर्णनात 'बुणगे' आले, तर ते सैन्यासोबत चालणारे बिनलढाऊ लोक. पानिपतची उपासमार समजायला हा एक शब्द फार महत्त्वाचा आहे.

९. एक कादंबरी ऐकायला किती तास लागतात, फोनमध्ये किती जागा लागते आणि वेग वाढवला तर चालेल का?

साधारण गतीने एका तासात सात ते नऊ हजार शब्द वाचून होतात. पाचशे पानं, पानाला तीनशे शब्द धरले तर दीड लाख शब्द, म्हणजे सतरा ते एकवीस तास. जाऊन-येऊन रोज दोन तासांचा प्रवास असेल, तर दोन आठवड्यांत कादंबरी संपते. जागेचं म्हणाल, तर ६४ केबीपीएस दर्जाच्या फाइलला तासाला साधारण २९ एमबी लागतात. वीस तासांचे सहाशे एमबीच्या आत बसतात.

वेग सव्वापटीपर्यंत वाढवायला हरकत नाही, विशेषतः संथ निवेदकाला. त्यापुढे मी जात नाही. या गद्यातले विराम अर्थाचे असतात. पत्र, मृत्यू आणि तहाची बोलणी यांना मूळ वेगच द्या.

१०. लोकलमध्ये ऐकू येतं का? आणि कानांना त्रास?

येतं, पण तयारीने. घरून निघतानाच पुढची प्रकरणं वायफायवर उतरवून घ्या. गर्दीच्या वेळी नेटवर्क रेंगाळतं आणि भुयारी मेट्रोत ते मिळेलच असं नाही.

गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज जसा वाढतो, तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे इअरफोन किंवा बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन घेतले, तर कमी आवाजातही शब्द स्पष्ट येतात. मराठी कादंबरीला खोल बेस लागत नाही, मधल्या पट्टीतली स्पष्टता लागते, त्यामुळे फार महागाच्या वाटेला जाऊ नका.

दारात उभं राहून, फलाट बदलताना किंवा रूळांजवळून चालताना इअरफोन काढून ठेवा. भाऊसाहेब रणात उतरत असले तरी त्यांना थांबवा. आणि डब्यात फोनच्या स्पीकरवर अजिबात लावू नका. शेजारच्या बाई नाइट शिफ्ट करून आलेल्या असतात.

बसायला जागा मिळाली की गुंतागुंतीची प्रकरणं ऐकावीत, उभ्याने प्रवास असेल तर आधी ऐकलेलं पुन्हा ऐकावं, असा माझा रिवाज आहे. दुसऱ्यांदा ऐकताना भाषा जास्त कळते.

११. 'इहिदे सितैन मया व अलफ' असलं काहीतरी निवेदक म्हणतो. ते काय असतं?

तो शुहूर सन, म्हणजे मराठी कागदपत्रांत वापरला जाणारा अरबी सन. आकडे अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने येतात: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११६१. हे वर्ष मे महिन्याच्या उत्तरार्धात, मृगाच्या सुमारास सुरू होतं. मेअखेरपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा आणि त्यापुढे मेपर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे १७६०–६१, पानिपतचं वर्ष. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे (वर्षअखेरच्या दोन-तीन महिन्यांत ७९): शके १५९६ म्हणजे राज्याभिषेकाचं १६७४.

ऐकताना हिशेब करत बसू नका. प्रकरण संपल्यावर एकदा करून कागदावर इसवी सन टिपून ठेवा.

१२. ऐकलेल्यातलं किती खरं मानायचं?

छापील कादंबरीबद्दलही हा प्रश्न असतोच, पण ऑडिओबुकमध्ये तो जास्त गंभीर होतो. जिवंत आवाज कानात बोलू लागला की ती साक्ष वाटायला लागते. बंद दालनात दोघंच बोलत असतील, तर ते शब्द लेखकाचे आहेत असंच धरून चाला. तारखा, तह, लढायांचे निकाल, कोण कुणाचा नातलग, एवढं सहसा साधनांतून घेतलेलं असतं. माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे जवळजवळ नेहमी कादंबरीकाराचं असतं, आणि तेच तर त्याचं काम आहे.

सिंहगडाचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे गड घेताना पडले, हे निर्विवाद आहे. घोरपडीची गोष्ट पोवाड्यातून आली. त्या रात्रीमुळेच कोंढाण्याला सिंहगड म्हणू लागले हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं, पण 'सिंहगड' हे नाव त्याआधीच्या पत्रांतही सापडतं. यातलं काहीही कळल्याने तानाजी लहान होत नाहीत. उलट लेखकाने कुठे जोडलं आणि का जोडलं, हे बघण्यात वेगळा आनंद आहे.

ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा १८९८ सालचा पहिला खंड चाळावा. त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली अस्सल पत्रं आहेत. कादंबरी ऐकून मग ती पत्रं वाचली की अंगावर काटा येतो. संदर्भासाठी छापील पुस्तकं बघायची असतील, तर १८९८ मध्येच स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहेच.

१३. नकाशा खरंच लागतो का? आणि ऐकून झाल्यावर मुंबईत बघण्यासारखं काय आहे?

लागतो, विशेषतः मोहिमांसाठी. पानिपतच्या लढाईत मराठे उत्तरेला आणि अब्दाली दक्षिणेला होता, हे किती जणांच्या डोळ्यांसमोर असतं? मराठे कुंजपुऱ्याला गेले, अब्दालीने मागे बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. रसद का अडली, माणसं आणि जनावरं उपाशी का राहिली, १४ जानेवारी १७६१ ला निघावंच का लागलं, हे सगळं या एका गोष्टीतून उलगडतं. कानाला दिशा कळत नाहीत. फोनवरच्या नकाशात दिल्ली, बागपत, पानिपत, कुंजपुरा एवढी चार ठिकाणं बघितली तरी पुरे.

मुंबईकरांच्या तर पायाखालीच इतिहास आहे. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. त्या मोहिमेवरचं प्रकरण ऐकून पश्चिम रेल्वेने वसई रोडला उतरा आणि किल्ल्यात जाऊन तटबंदीची जाडी स्वतः बघा. सुरुंग लावून बुरूज पाडायला किती जीव गेले असतील, ते तिथे कळतं. ठाण्याचा कोट मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. त्याच कोटात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तो बाहेरूनच बघावा लागतो. शिवडीला १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान उतरला आणि त्याने इंग्रजांची मुंबई जवळजवळ गिळली. आपण तिथे फ्लेमिंगो बघायला जातो, त्याच फेरीत किल्लाही होतो. वसई पडल्यावर मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणला. तो आता दिसत नाही, पण फोर्टमधून चालताना आठवावा.

किल्ल्यात इअरफोन लावून फिरू नका, असं मात्र सांगेन. ऐकणं आधी किंवा नंतर.

१४. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी बोलतात, पण वाचायचा कंटाळा करतात. त्यांना ऐकवू का?

जरूर. मुंबईत अशी मुलं घरोघरी आहेत, आणि ऑडिओबुक त्यांच्यासाठी मराठी गद्याचं सगळ्यात मोठं दार आहे असं माझं ठाम मत आहे. त्यांचं ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांत मोठी दरी असते. कादंबरी त्यांना झेपते, देवनागरीतली लांब ओळ झेपत नाही. रात्री वीस मिनिटं, सगळ्यांनी मिळून ऐका. महिन्याभराने तीच कादंबरी छापील स्वरूपात समोर ठेवा आणि ऐकता ऐकता ओळीवरून बोट फिरवू द्या.

एक काळजी घ्या. पुस्तक वाचताना मूल नको तो परिच्छेद गाळू शकतं. कानाला तसं गाळता येत नाही. छत्रपती संभाजी महाराजांचे शेवटचे दिवस, ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झालेला नारायणरावांचा खून, अशी प्रकरणं कादंबऱ्यांत तपशिलाने येतात. लहान मुलांसाठी ती आधी तुम्ही ऐका, आणि पुढे न्यायचं की नाही ते मग ठरवा.

१५. आजीला आता दिसत नाही. अ‍ॅप तिला जमणार नाही. काय करता येईल?

वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून काम करते आहे आणि बोलक्या पुस्तकांच्या कामात ती जुनी आहे. तिथे चौकशी करा. 'सुगम्य पुस्तकालय' हे दृष्टिबाधितांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात यासाठी खास सवलत आली: ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी, नफा न घेता, पुस्तकाची ऐकण्याजोगी प्रत हक्कधारकाच्या परवानगीविना करता येते. म्हणजे प्रश्न ५ मधला नियम आजीला तसाच लागू होत नाही. तुम्ही स्वतः तिच्यासाठी कादंबरी वाचून ध्वनिमुद्रित करू शकता. फक्त ती फाइल सगळ्यांसाठी खुली करायची नाही.

घरात साधा स्पीकर, ठरलेली वेळ आणि रोज एक प्रकरण, एवढं पुरतं. तिला आधी कागदावरची नावं वाचून दाखवा. बहुतेक आज्यांना ती आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

१६. रात्री ऐकताना झोप लागते आणि सकाळी आपण कुठे होतो तेच कळत नाही.

अ‍ॅपमधला स्लीप टायमर वीस मिनिटांवर लावा आणि सकाळी सुरू करण्याआधी दहा मिनिटं मागे जा. रात्रीसाठी ऐकून झालेली कादंबरी ठेवली, तर प्रश्नच उरत नाही.

१७. आमच्या सोसायटीत दर शनिवारी सगळे मिळून ऐकायचं ठरवतोय. गणेशोत्सवात मंडपातही लावायचा विचार आहे. परवानगी लागेल का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त हॉलमध्ये, रहिवाशांसाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवायला स्वामित्वहक्क कायदा सूट देतो. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या उपक्रमांनाही तशी सूट आहे. तरीही अ‍ॅपच्या अटी वेगळ्या वाचा. अनेकदा सदस्यत्व फक्त वैयक्तिक वापरासाठी असतं आणि ती अट तुम्ही मान्य केलेली असते. विकत घेतलेल्या पुस्तकाच्या अटीही त्याच नजरेने तपासा.

रस्त्यावरचा, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी खुला असलेला मंडप या 'बंदिस्त हॉल'च्या सवलतीत बसत नाही. तिथे प्रकाशकाला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला लेखी विचारा. किंवा त्याहून चांगलं करा: प्रसिद्ध पुस्तकातला माफक उतारा लोकांसमोर वाचून दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, तेव्हा सोसायटीतल्याच दोघा-तिघांना वाचायला बसवा. आपट्यांच्या कादंबऱ्यांना तर उताऱ्याचीही मर्यादा नाही. दहा दिवस, रोज एक प्रकरण, आरतीनंतर अर्धा तास. वाचणाऱ्यांना प्रश्न ६ मधला पत्रांचा भाग आधी दाखवा आणि तालीम किमान एकदा मोठ्याने, माइक लावून घ्या.